अब्राहमाचं आख्यान आणि ते शिकवणाऱ्या बाया

आपल्या पळस्पे फाट्यावरून गोव्याचा रस्ता धरला की कर्नाळ्याच्या पायथ्याने पेण, वडखळ आणि तिथून अलिबाग, नवगाव, रेवदंडा. या पट्ट्यातल्या गावागावांत एके काळी बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुद्यांची, कुटुंबं नांदत होती. नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं, सात जोडपी वाचली आणि त्यांचा हा वंशविस्तार, असं ती मंडळी परंपरेनं सांगतात. धंदा तेलाचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावं गावांवरून पडलेली: पेणकर, रोहेकर, किहीमकर, अष्टमकर, पनवेलकर. पनवेलमधलं त्यांचं बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचं आहे.

यातली बहुतेक कुटुंबं १९४८ नंतर टप्प्याटप्प्यानं इस्रायलला गेली. जाताना त्यांनी मलिद्याच्या नैवेद्याची रीत नेली, पुरणपोळी नेली आणि चक्क मराठी कीर्तन नेलं. आपल्या मंडळाच्या स्मरणिकेच्या या अंकात त्या कीर्तनाबद्दल आणि ते शिकवणाऱ्यांबद्दल लिहायचं आहे.

१८८० च्या सुमारास मुंबईतल्या बेने इस्रायल मंडळींनी हरदासांची कीर्तनं ऐकली आणि आपल्या धर्मग्रंथातल्या कथाही याच थाटात का सांगू नयेत, असं त्यांच्या मनात आलं. बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांनी अब्राहमाचं आख्यान लावलं. आधी ईश्वराला नमन, मग कथा, मधेमधे साकी, दिंडी, आर्या, पद, साथीला पेटी-तबला. योसेफाला भावांनी विकलं तो प्रसंग दिंडीत, मोशेनं समाज मिसरातून सोडवला तो साकीत. हिब्रू प्रार्थना बऱ्याच जणांना पाठ असत, पण अर्थ थोड्यांनाच लागे. कीर्तनानं तो अर्थ घराघरांत नेला.

त्यामागे मास्तरांची मोठी पुण्याई होती. जोसेफ इझिकेल राजपूरकरांसारख्या हिब्रूच्या शिक्षकानं एकामागून एक ग्रंथ मराठीत आणले. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हागादा १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत मुलांसाठी शाळा उभी केली. मुलांना कळेल त्या भाषेत शिकवायचं, हा या सगळ्यांचा आग्रह होता.

इस्रायलमध्ये नेमकं उलटं झालं. दिमोना, अश्दोद, बेरशेबा, लोद या गावांत वाढलेल्या मुलांना हिब्रू येई, मराठी सुटत चालली. सुरुवातीचे दिवस सुखाचे नव्हते. हे लोक खरोखर यहुदी आहेत का, असा प्रश्न तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी लग्नाच्या बाबतीत उभा केला. त्याविरुद्ध समाजाला आंदोलन करावं लागलं, १९६४ मध्ये तो वाद मिटला. अशा वेळी भारतीयपण झाकून ठेवण्याचा मोह कोणालाही झाला असता. या मंडळींनी तसं केलं नाही. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक त्यांनी तिथं चालवलं आणि कीर्तनाला पुन्हा उभारी दिली. या कामात फ्लोरा सॅम्युएल यांचं नाव आदरानं घेतलं जातं. सुरुवातीला पुरुषांनी उभं केलेलं हे कीर्तन पुढे मुख्यतः बायकांनी सांभाळलं, वह्यांत पदं उतरवून आणि एकमेकींच्या तोंडून चाली उचलून.

शिकवणारीची खरी कसोटी इथंच लागते. हिब्रू लिपीत ‘ळ’ला अक्षर नाही, ‘ण’ला नाही. पद त्या लिपीत लिहून दिलं तरी ‘बाळ’ वाचताना ‘बाल’ होतं. मग बाईंनी म्हणायचं, पोरीनं ऐकायचं, टाळीवर ओळ धरायची, पुन्हा म्हणायची. चाल गळ्यात बसली की शब्द मागोमाग येतो. कथा तर त्या मुलांना शाळेतच भेटलेली असते. अब्राहम, मोशे, एलियाहू त्यांच्या रोजच्या ओळखीचे. त्यामुळे मराठी त्यांना परकी कोडं वाटत नाही. ओळखीच्या गोष्टीचा तो आजीचा सूर असतो. नव्या पिढीला शिकवायची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

आणि इथं मला आपल्या गावाबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. दिंडी, साकी ही आपलीच छंदसंपत्ती. साता समुद्रापार कोणी ती जिवापाड जपली याचा अभिमान आपण जरूर बाळगावा. पण वाडीतल्या भजनात वर्षानुवर्षं पेटी धरणारे बुवा, पखवाजाचे बोल फुकट शिकवणारे काका, लग्नातली हळदीची गाणी तोंडपाठ असलेली आजी, यांना आपण कधी व्यासपीठावर बोलावलं? सत्काराची शाल बहुधा पाहुण्यांच्याच खांद्यावर पडते. मुलांना जुनं आवडत नाही, ही तक्रार मला मान्य नाही. त्यांच्या ओळखीच्या गोष्टीला हात घालून कोणी शिकवलं तर ती बसतात, ऐकतात, गातात.

तेव्हा मंडळाला विनंती एवढीच, की यंदाच्या सत्काराच्या यादीत पहिली नावं या शिकवणाऱ्यांची असावीत. शाळकरी मुलांना त्यांच्या घरी पाठवा, मोबाइलवर त्यांच्या चाली नोंदवून घ्या, आणि पुढल्या उत्सवात त्यातलं निदान एक पद मुलांकडून म्हणवून घ्या. बुवांना साथीला बसवा.