सगळेच साथीला

बँकेत 'सस्पेन्स' नावाचं एक खातं असतं. नावावरून कुणाला वाटेल, त्यात खून, दरोडे, गेला बाजार नोटांची एखादी गहाळ झालेली थप्पी तरी असेल. तसलं काही नाही. पैसे आले खरे, पण ते कुणाचे, कशाबद्दलचे आणि टाकायचे कुठं हे कळत नाही, अशी रक्कम सस्पेन्समध्ये टाकायची आणि लोकल गाठायची. 'उद्या शोधू' म्हणून टाकलेली ती रक्कम दोन मॅनेजर बदलून जाईपर्यंत तिथं सुखानं नांदते.

संगीताच्या धंद्यात या खात्याला 'वर्ल्ड म्युझिक' म्हणतात. थट्टा नाही. १९८७ सालच्या जून महिन्यात लंडनच्या 'एम्प्रेस ऑफ रशिया' नावाच्या पबमध्ये छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची मंडळी जमली. प्रश्न अगदी वाण्याच्या दुकानातला होता. आफ्रिकेच्या, आशियाच्या, लॅटिन अमेरिकेच्या रेकॉर्डी दुकानात ठेवायच्या कुठल्या फळीवर? जॅझमध्ये बसत नाहीत, पॉपमध्ये बसत नाहीत. शेवटी 'वर्ल्ड म्युझिक' अशी पाटी लावायची ठरलं. म्हणजे आमचा सस्पेन्सच. आम्ही तो पबमध्ये न जाता उघडतो, एवढाच फरक.

पुढं अमेरिकेतल्या ग्रॅमीवाल्यांनीही या नावाचं खातं उघडलं आणि १९९२ साली त्यातला पहिलावहिला पुरस्कार गेला तो आदल्या वर्षी निघालेल्या 'प्लॅनेट ड्रम' या अल्बमला. तेरा तुकडे, आणि गाणं तोंडी लावण्यापुरतं. बाकी सगळी बडवाबडवी. हा शब्द आमच्या हिचा. माझा नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण मला हा अल्बम फार आवडतो. मात्र लोक ज्या कारणासाठी त्याचे गोडवे गातात, त्या कारणासाठी मुळीच नाही.

आधी हजेरीपट पाहू. यजमान मिकी हार्ट, 'ग्रेटफुल डेड' या अमेरिकन रॉक बँडचे ड्रमर. नायजेरियाचे दोघे, बाबाटुंडे ओलाटुंजी आणि सिकिरू अडेपोजू. ब्राझीलचे आइर्तो मोरेरा आणि त्यांच्या सौभाग्यवती, गायिका फ्लोरा पुरीम. प्वेर्तो रिकोचे कोंगावादक जोव्हानी हिदाल्गो. मद्रासचे घटमवाले 'विक्कू' विनायकराम. आणि आपल्या माहीमचे झाकिर हुसेन. यातले ओलाटुंजी १९५० साली रोटरीची शिष्यवृत्ती घेऊन अटलांटाला कॉलेजात शिकायला गेले, आणि पुढं 'ड्रम्स ऑफ पॅशन' या रेकॉर्डनं त्यांनी घरोघरच्या अमेरिकनांना आफ्रिकेचे ढोल ऐकवले. (रोटरी म्हटलं की मला नेत्रशिबिरच आठवतं. तिच्या जमेला हेही धरायला हवं.)

ही यादी पुन्हा एकदा वाचा. ओलाटुंजी आणि फ्लोराबाई सोडल्या तर बाकी सगळ्यांचं आयुष्य कुणाच्या तरी साथीला बसण्यात गेलेलं. झाकिरभाई रविशंकरांच्या, अली अकबर खाँसाहेबांच्या, शिवकुमार शर्मांच्या साथीला. आइर्तो माइल्स डेव्हिसच्या साथीला. हिदाल्गो डिझी गिलेस्पीच्या साथीला. विनायकरामांचं तर विचारूच नका. कर्नाटक मैफलीत मुख्य साथ मृदंगाची, घटम त्याच्याही मागं. म्हणजे साथीदाराचा साथीदार! हेडक्लार्कच्या हाताखालच्या क्लार्कला हे दुःख समजावून सांगावं लागत नाही. खुद्द यजमान हार्ट १९६७ साली आपल्या बँडमध्ये शिरले तेव्हा तिथं एक ड्रमर आधीच बसलेला होता. हे दुसरे.

आता साथीदाराची आपल्याकडची परंपरा तुम्ही जाणताच. जाहिरातीत बुवांचं नाव ठळक, तबलजींचं खाली, चष्मा लावून वाचायचं. बुवा रंगात आले की तबलजींनी ठेका धरायचा, बुवांना दम लागला की मधल्या जागेत चार तुकडे टाकून घ्यायचे, आणि बुवांनी मान हलवली की पुन्हा ठेक्यावर यायचं. ही रीत बदलायला लावणाऱ्यांत झाकिरभाईंचे वडील अल्लारखाँ साहेब पुढं होते. १९६७ साली त्यांची नि हार्टची गाठ पडली आणि अमेरिकेतला हा रॉकवाला त्यांच्यापुढं मात्रा मोजायला बसला. १९७० साली झाकिर अमेरिकेत पोचले. कॅलिफोर्नियात अली अकबर खाँसाहेबांच्या विद्यालयातल्या वाद्यवृंदातून 'डिगा ऱ्हिदम बँड' निघाला, त्याची रेकॉर्ड १९७६ ची. 'प्लॅनेट ड्रम' अशा पंचवीस वर्षांच्या उठबशीतून आलेला आहे. पाहुणे विमानतळावरून थेट स्टुडिओत आणून बसवलेले नाहीत. ऐकताना ते कळतं.

तर असे हे जगभरचे साथीदार एका खोलीत जमले, आणि बघतात तो बुवाच नाहीत! मॅनेजर रजेवर असलेली शाखा डोळ्यांसमोर आणा. अशा शाखेत दोनच गोष्टी घडू शकतात. एक तर प्रत्येकाला आपणच मॅनेजर असल्याचा साक्षात्कार होतो आणि काउंटरवर हलकल्लोळ माजतो. किंवा मग, वर्षातून एखाद्या दिवशी, काम असं गुपचूप आणि झरझर होतं की दुसऱ्या दिवशी मॅनेजरला त्याचा राग येतो. 'प्लॅनेट ड्रम'मध्ये हा दुसरा प्रकार घडलेला आहे. साथ करायला कुणी नाही म्हटल्यावर ही मंडळी एकमेकांचीच साथ करू लागतात. कोंगा पुढं सरकला की तबला आपण होऊन खालच्या आवाजात येतो. घटम बोलू लागलं की बाकीचे श्वास रोखल्यासारखे थांबतात. आठ-आठ माणसं हातात वाजवायचं साधन असताना न वाजवता बसतात, हे गणपतीच्या दिवसांत आमच्या गल्लीत राहून दाखवा.

आता लोकांच्या तारीफेकडं वळतो. या अल्बमविषयी कुणीही बोलायला उभं राहिलं की तिसऱ्या वाक्याला 'ताल ही विश्वाची एकच भाषा आहे' हे येतंच. मला हे साफ नामंजूर आहे. अडेपोजूंचंच वाद्य घ्या. 'टॉकिंग ड्रम', बोलका ढोल. आकार डमरूचा, पण चांगला थोराड. दोन्ही तोंडांच्या मधे दोऱ्या ताणलेल्या. आपण पावसाळ्यात मिटलेली छत्री काखेत धरतो तसा तो काखेत धरायचा, वाकड्या काठीनं वाजवायचा, आणि काख आवळली की सूर चढतो, सैल सोडली की उतरतो. त्या चढउतारातून तो खरोखर बोलतो. योरुबा भाषेत सुरावर अर्थ ठरतो. एकच 'ओको' शब्द, पण सूर बदलला की त्याचा अर्थ नवरा, कुदळ, भाला किंवा गाडी. (नवरा आणि कुदळ यांच्यात वेगळा सूर लावण्याचे कष्ट योरुबांनी उगाच घेतले, असं आमच्या हिचं मत आहे.) ढोलाला नुसताच सूर काढता येतो, अक्षरं काढता येत नाहीत. म्हणून वादक एकटा शब्द न वाजवता सगळ्यांच्या ओळखीचं अख्खं वाक्य वाजवतो, म्हणजे घोटाळा होत नाही. तिथं राजाची स्तुती ढोलावर होते, म्हणी ढोलावर सांगितल्या जातात.

आपल्याकडं बरोबर उलटं. तबल्याचे बोल, धा, धिन्, तिरकिट, यांना कोशात अर्थ नाही. ते तबल्याच्याच आवाजाला दिलेले शब्द. योरुबा माणूस तोंडातलं बोलणं ढोलावर नेतो, आपला तबलजी तबल्याचं बोलणं तोंडात आणतो आणि पढंत करून दाखवतो. विनायकरामांच्या दक्षिणेत त्याचंही वेगळं व्याकरण, त-क-धि-मि. मग एकच भाषा कुठली? या सगळ्या पक्क्या वेगवेगळ्या भाषा आहेत, आणि अडेपोजूंच्या ढोलानं काय म्हटलं ते मला काडीचंही कळत नाही. मजा त्यातच आहे. न कळणाऱ्या भाषेत बोलणाऱ्या माणसाचं वाक्य संपलं कधी, हे झाकिरभाईंना कसं कळतं? ते संपल्याबरोबर, बोट टेकावं इतकं हलकं, ते सुरू करतात. समोरच्याकडं लक्ष देण्याची ही तालीम आहे, आणि ती जन्मभर दुसऱ्याच्या साथीला बसूनच अंगी मुरते.

'एकच भाषा'वाल्यांचा अनुभव मी जवळून घेतलेला आहे. आमच्या कचेरीत मध्यंतरी 'टीम बिल्डिंग'साठी एका दुपारी सर्वांना एकेक जेंबे वाटण्यात आला. खरा जेंबे हे पश्चिम आफ्रिकेतलं वाद्य, एकाच ओंडक्यातून कोरलेलं, वर बोकडाचं कातडं. आमचे प्लास्टिकचे होते. सत्तर माणसांनी चाळीस मिनिटं एकाच मात्रेवर एकच थाप मारली. प्रशिक्षक म्हणाले, बघा, कसे एक झालात! एक झालो होतो हे खरं. सरकारी पंप चालू असल्यासारखा आवाज येत होता. पण कुणीच कुणाचं काही ऐकत नव्हतं, कारण ऐकण्यासारखं वेगळं कुणी वाजवतच नव्हतं. त्याच वाद्यावर मुंबईतले तौफिक कुरेशी तबल्याचे बोल काढतात, तेव्हा जेंबे जेंबेच राहतो आणि तबल्याची आठवणही देतो. त्यासाठी त्यांना आधी तबला यावा लागला, ही अडचण.

दोष सांगितले नाहीत तर ही समीक्षा कसली. पहिला दोष घाईचा. तेरातला एकही तुकडा सहा मिनिटांचा होत नाही. तबलजी पेशकार मांडायला बसला तर सहा मिनिटांत त्याचं बूड नीट टेकलेलंही नसतं. इथं दोन वादकांचं बोलणं रंगात येतं तोच 'नेक्स्ट' म्हणून पुढचं टोकन. दुसरा दोष नावांचा. 'मिस्टीरियस आयलंड', 'द डान्सिंग सॉर्सरर'. ही तालाची नावं की रेल्वे स्टॉलवरच्या रहस्यकथांची? आणि तिसरा खुद्द यजमानांचा. हार्टना सगळीच वाद्यं आवडतात. अॅल्युमिनियमच्या तुळईवर पियानोच्या जाड तारा ताणून केलेलं त्यांचं एक वाद्य आहे, त्याला ते 'बीम' म्हणतात. शेजारी स्लॅब पडत असताना आपल्याला जे फुकट ऐकायला मिळतं, ते पुष्कळसं तसंच. काही जागी पोटभर जेवलेल्या पाहुण्याला यजमानांनी आणखी एक जिलबी वाढावी तसा गूढ घुमारा ते मागं भरून ठेवतात. पण पंगत त्यांनी बसवली, खर्च त्यांनी केला, आणि वाजवताना ते कुणाच्या पुढं पुढं करत नाहीत. दुसरा ड्रमर म्हणून काढलेली वर्षं इथं कामी आली.

अल्बममधली माझी आवडती जागा मडक्यांची. पहिल्या तुकड्याचं नावच 'उडू चँट'. उडू म्हणजे नायजेरियातल्या इग्बो लोकांचं मडकं. पाण्याचाच घडा, पण कुशीला एक जास्तीचं भोक. त्यावर तळवा आपटून उचलला की विहिरीत कळशी बुडाल्यासारखा आवाज येतो. मुळात ते बायकांचं वाद्य. आणि या पंगतीत विनायकरामांचं घटम, तेही मडकंच, पण भाजून असं टणक केलेलं की बोटाखाली नाण्यासारखं वाजतं. एक मडकं बुडतं, एक मडकं खणखणतं. गोव्याच्या घुमटाचं मडकं आणखी तिसरंच, त्याच्या तोंडावर कातडं. जगभर माणसानं पाणी भरायला माती घडवली आणि पाणी संपल्यावर ती वाजवून पाहिली, पण प्रत्येक ठिकाणी वेगळी वाजवली. 'एकच भाषा'वाल्यांना मी ही मडकी ऐकवतो.

ओलाटुंजी २००३ साली गेले. हार्ट, झाकिर, अडेपोजू आणि हिदाल्गो या चौघांनी पुढं २००७ मध्ये 'ग्लोबल ड्रम प्रोजेक्ट' काढला, त्यालाही ग्रॅमी मिळालं. २०२२ मध्ये 'इन द ग्रूव्ह' आला. त्यात इलेक्ट्रॉनिक सारवण जास्त, माणसं कमी ऐकू येतात. तबला तेवढा त्यातूनही वर येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये झाकिरभाईंनी एका रात्रीत तीन ग्रॅमी घेतली आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत ते गेले. त्या चौकडीत आता नवा तबलजी बसवता येईल, हात तयार असलेली मुलं आपल्याकडं चिक्कार आहेत. पण अडेपोजूंचं वाक्य संपलं कधी हे ओळखायला त्याला किती वर्षं लागतील?

परवा रात्री मी हा अल्बम लावलेला असताना खालच्या मजल्यावरचे काका वर आले. चेहरा तक्रारीचा होता. हिनं चहा दिला म्हणून बसले. दोन तुकडे त्यांनी आढ्याकडं बघत ऐकले आणि मग बशी खाली ठेवून विचारलं, "हा मघाशी एकदम थांबला, तो कोण हो?"