न्यायासनावरील मोहागती

धम्मपदातील धम्मट्ठवग्गाच्या आरंभीच्या गाथांची निदानकथा न्यायाधीशांविषयीच आहे. श्रावस्तीत पाऊस आला म्हणून भिक्खू न्यायशाळेत शिरतात. तेथे लाच घेऊन खऱ्या मालकाचा हक्क नाकारणारे महामात्र त्यांना दिसतात. निदानकथेत भिक्खूंना दिसलेला दोष लाचेचाच आहे, येथे ही कथा अपुरी पडते.

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी छंद, दोस (द्वेष), मोह आणि भय अशा चार अगती सांगितल्या आहेत. लाच छंदात मोडते. समाजाने मनावर केलेला जातीचा संस्कार मात्र मोहात मोडतो, आणि तो लाच न घेणाऱ्या न्यायाधीशालाही आडवाटेस नेतो.

खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी बौद्ध भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. भंडारा सत्र न्यायालयाने २००८ मध्ये आठ आरोपींना दोषी ठरविले, परंतु १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही सूड हाच हेतू मानला. सूड घेण्याचे बळ कोठून आले, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहिला. सूड आणि जात परस्परांपासून तोडून पाहणे हीच मोहागती होय.

२०१५ च्या दुरुस्तीनुसार आरोपी पीडितास व्यक्तिशः ओळखत असेल, तर त्याला जात ठाऊक होती असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे असते. ही तरतूद आवश्यकच होती. पण ती सम्यक दृष्टीची जागा घेऊ शकत नाही.