कलासंग्रहासाठी वास्तूचे नूतनीकरण : नाशिकच्या वाड्यांच्या संदर्भात एक चिकित्सा

जुन्या घराचे कलासंग्रहासाठी नूतनीकरण करताना वास्तूला संग्रहाची केवळ पार्श्वभूमी मानावे की संग्रहाचाच घटक, हा मूलभूत प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात दोन उदाहरणांच्या आधारे त्याची चिकित्सा केली आहे.

अमेरिकन शिल्पकार डोनाल्ड जड यांनी १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या स्प्रिंग स्ट्रीटवरील एक पाच मजली इमारत राहण्यासाठी घेतली. ओतीव लोखंडी दर्शनी भागाची ही इमारत १८७० सालची असून तेथे पूर्वी कारखाना चालत असे. जड यांनी मजल्यांचा मोकळेपणा राखला, प्रत्येक मजल्याला स्वतंत्र प्रयोजन दिले आणि कलाकृतींच्या जागा कायमच्या निश्चित केल्या. २०१३ पासून ही वास्तू लोकांना पाहता येते. जागा आणि कलाकृती यांचा एकत्रित विचार हे या नूतनीकरणाचे मर्म होय.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे स्वरूप वेगळे आहे. दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास सुरू केलेला हा संग्रह १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाकडे सुपूर्द झाला. दिवे, अडकित्ते, भांडी, कोरीव दरवाजे या वस्तू मुळात घरातल्याच असल्याने वाड्याशी त्यांचे नाते जुळते. तथापि वीस हजारांहून अधिक वस्तूंपैकी सुमारे अडीच हजारच मांडता येतात आणि त्याही दाटीने. परिणामी वस्तू दिसते, परंतु तिच्याभोवतीचा अवकाश हरवतो.

नाशिकमध्ये हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. जुन्या गावठाणातील वाडे झपाट्याने नाहीसे होत असताना उरलेल्या वाड्याच्या भिंती पांढऱ्या रंगवून प्रखर दिवे लावणे म्हणजे जड यांच्या वास्तूचे केवळ बाह्यरूप उचलणे ठरेल. कारखान्यात सलग मोकळी जागा असते, तर वाड्याची रचना खण, चौक आणि कोनाडे यांवर उभी असते. कोनाडा लहान वस्तूसाठीच असतो. चौकातून येणारा मंद प्रकाश वस्त्रे व कागदासाठी अनुकूल असला तरी पावसाळी दमटपणा त्यांना घातक आहे. गोदावरीच्या २००८ व २०१६ च्या पुरांनी सराफ बाजार परिसरात पाणी शिरले होते. त्यामुळे नदीकाठच्या वाड्यात तळमजल्यावर दगड व धातूच्याच वस्तू ठेवणे इष्ट ठरते.

तात्पर्य, वाड्याने काय सामावून घ्यावे हे वाड्याच्या रचनेवरून ठरावे. तसे न झाल्यास संग्रह सुरक्षित राहील, पण वाडा मात्र नावापुरताच उरेल.