'साँग फॉर माय फादर' : वारसा, स्थळ आणि वळसा

होरेस सिल्व्हर क्विंटेटच्या 'साँग फॉर माय फादर' (ब्लू नोट, १९६५) या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर पियानोवादक होरेस सिल्व्हर (१९२८-२०१४) दिसत नाही. दिसतात ते त्याचे वडील. डोक्यावर टोपी, तोंडात चिरूट आणि चेहऱ्यावर निवांतपणा. शीर्षक आणि छायाचित्र एकमेकांना इतका निःसंदिग्ध दुजोरा देतात की, ही मुद्रिका म्हणजे पुत्राने पित्याच्या भूमीकडे केलेले प्रत्यागमन होय, असे वाचन जवळजवळ अपरिहार्य ठरते. जॅझविषयक लेखनात ते रूढही झालेले आहे. मात्र या कृतीची घडण त्या वाचनाला पुरता आधार देत नाही.

जॉन टव्हारेस सिल्व्हा हे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यापलीकडील केप व्हर्द द्वीपसमूहातल्या माइओ बेटावरून अमेरिकेत आले. तेथे 'सिल्व्हा'चे 'सिल्व्हर' झाले. कनेटिकटमधील नॉरवॉक येथे कारखान्यात काम करणारे हे गृहस्थ फिडल, गिटार आणि मँडोलिन केवळ कानाने शिकून वाजवीत. आप्तेष्ट जमले की घरातच गाण्या-नाचण्याची बैठक होई. बेटावरील लोकधुना घेऊन त्यांना जॅझचे रूप द्यावे, अशी सूचना ते मुलाला वारंवार करीत. मुलाला ती मानवली नाही, कारण त्या धुना त्याला बाळबोध वाटत. पुढे १९६४ च्या प्रारंभी सिल्व्हर ब्राझीलला गेला, बोसा नोव्हाच्या लयीने भारावला आणि परतल्यावर त्या लयीत एक रचना करू लागला. रचना आकारास येत असताना तिच्या सुरावटीत त्याला वडिलांच्या बैठकींतील संगीत ऐकू आले आणि तेव्हा कुठे तिला वडिलांचे नाव मिळाले.

हा क्रम निर्णायक आहे. वारसा येथे निर्मितीचे कारण म्हणून आरंभी उभा नाही. निर्मितीच्या ओघात तो ओळखला जातो, आणि तोही एका तिसऱ्याच किनाऱ्यावरून. घरात सहज उपलब्ध असलेली गोष्ट घरात असेपर्यंत नाकारली जाते. परक्या मुलुखात, परक्या तालाच्या आडून ती समोर आली की स्वीकारली जाते.

शीर्षकरचनेचा रूपबंध या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. आठ मात्रांच्या नव्हे, आठ आवर्तनांच्या तीन खंडांची, पहिला खंड दोनदा आणि दुसरा एकदा अशी ही चोवीस आवर्तनांची मांडणी आहे. खर्जात बास आणि पियानोचा डावा हात षड्ज-पंचमाचे जे आंदोलन धरून बसतात, ते बोसा नोव्हाचे असले तरी ब्राझिलियन बोसा नोव्हाची तरल कुजबूज त्यात नाही; पाऊल जमिनीवर जड पडते. एफ मायनरपासून ई फ्लॅट, डी फ्लॅट आणि सी अशी स्वरमेळांची पायरीपायरीने होणारी उतरण इबेरियन संगीताच्या श्रोत्याला अनोळखी वाटणार नाही. दुसऱ्या खंडात ब्लूजचा रंग उघडपणे पुढे येतो. माइओचे, म्हणून निखालस वेगळे काढून दाखविता येईल असे यांत काय आहे? केप व्हर्दचा मोर्ना हा संथ, बहुधा मायनरमध्ये बांधलेला गीतप्रकार येथे अवतरत नाही. अवतरते ती त्याची एक धूसर छाया.

मराठी समीक्षेत देशीयतेची जी दीर्घ चर्चा झाली, तिच्यात मूळ हे भूमीत रुजलेले, सलग आणि आधीच असलेले असे गृहीत धरण्याकडे कल राहिला. केप व्हर्दची बेटे या गृहीतकाला अडचणीत आणतात. पंधराव्या शतकात पोर्तुगीज तेथे पोहोचले तेव्हा ती निर्मनुष्य होती. तेथे जो कोणी आहे तो कुठून तरी आलेला, किंवा गुलाम म्हणून आणला गेलेला. म्हणजे 'वडिलांचे स्थळ' मुळातच प्रवासातून घडलेले. ब्राझील आणि केप व्हर्द यांना जोडणारा अटलांटिकचा मार्ग पोर्तुगीज सत्तेचा आणि गुलामांच्या व्यापाराचा होता. तेव्हा सिल्व्हरचा वळसा दिसतो तितका आडवाटेचा नाही. (याच साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेले वादक मुंबईच्या हॉटेलांतील जॅझवृंदांत आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत कसे पोहोचले, याचा विचार या अंगाने व्हायला हवा.)

मुद्रिकेतील सहा रचना दोन बैठकींतल्या आहेत. दोन रचना ३१ ऑक्टोबर १९६३ च्या, म्हणजे ब्राझीलच्या प्रवासापूर्वीच्या. चार २६ ऑक्टोबर १९६४ च्या, बदललेल्या वादकसंचासह. पहिल्या बैठकीतील 'कलकत्ता क्यूटी' ही या दृष्टीने मुद्रिकेतील सर्वांत बोलकी आणि सर्वांत दुबळी रचना. तिच्यातील कलकत्ता हे कोणाच्याही स्मृतीतले शहर नव्हे. 'पूर्वेकडचे काहीतरी' सुचविणारे ते एक सजावटीचे नाव आहे. वादन सफाईदार आहे, पण नाव बदलले तर काहीही बिघडणार नाही. 'द नेटिव्हज आर रेस्टलेस टुनाइट' या शीर्षकात वसाहतवादी साहसकथांतील एक झिजलेले वाक्य उचललेले आहे. उच्चारणारा मात्र त्या 'नेटिव्हां'चाच वंशज असल्यामुळे ते उपरोधाने उलटते. पित्याचे बेट त्या वेळी पोर्तुगालच्याच ताब्यात होते (स्वातंत्र्य १९७५ मध्ये आले), याचा उल्लेख मुद्रिकेत कोठेही नाही. तसा तो असावा असा आग्रह धरणे समीक्षेला शोभणारे नाही. पण या एका शीर्षकाची धार त्या मौनासह ऐकली तरच जाणवते.

कौटुंबिक स्मृती पाच वादकांची होते कशी, हा प्रश्न उरतो. शीर्षकरचनेत कार्मेल जोन्सच्या ट्रंपेटला स्वतंत्र विस्तार दिलेला नाही. सिल्व्हरच्या नंतर विस्तार करतो तो टेनर सॅक्सोफोनवादक जो हेंडरसन, ओहायोतील लायमा येथे जन्मलेला, माइओशी कोणतेही नाते नसलेला. सिल्व्हरचे वादन आखीव आहे. छोटी वाक्ये, जवळजवळ गुणगुणता येणारी. हेंडरसन प्रथम त्याच मर्यादेत राहतो, नंतर वाक्ये मोडू लागतो, स्वर खरखरीत होतो, आणि मुद्रिकेतील सर्वांत उत्कट क्षण ज्याचे ते वडील नाहीत त्याच्या वाट्याला येतो. पुढल्या वर्षी ध्वनिमुद्रित झालेल्या 'द केप व्हर्दियन ब्लूज'मध्ये सिल्व्हरने बेटांचे नाव थेट शीर्षकात आणले. तेथील चैतन्य निर्विवाद आहे, परंतु तेथे वारसा आधीच ठाऊक असलेला आहे. तो शोधताना होणारी चाचपड तेथे नाही.

शीर्षकरचनेच्या आरंभीची खर्जातील आकृती १९७४ मध्ये स्टीली डॅन या अमेरिकन रॉक समूहाच्या 'रिकी डोन्ट लूज दॅट नंबर' या गीताच्या प्रारंभी उतरली. ते गीत ज्यांच्या कानावर पडले त्यांतील बहुसंख्यांना ना सिल्व्हा ठाऊक होते, ना माइओ.