पांढरीचे घर

मराठी वास्तूंविषयी जे लिहिले जाते त्यात किल्ले येतात, देवळे येतात, पेशवाईतले वाडे येतात. कुणब्याचे घर सहसा येत नाही. मेणवलीला कृष्णाकाठी नाना फडणिसांचा सहा चौकांचा वाडा आहे, त्याची वर्णने हवी तितकी मिळतात. त्याच कृष्णेच्या खालच्या अंगाला कुंडल-पलूसकडे जुनी शेतकरी घरे भराभर बदलत आहेत. त्यांच्या वाट्याला फार तर एक उसासा येतो. पण उसासा म्हणजे परीक्षण नव्हे. घरात काय बदलले, का बदलले आणि त्यात नेमके काय गेले, हे कोणीतरी पाहावयास हवे.

गावाच्या जमिनीचे जुने भाग दोन, काळी आणि पांढरी. काळीत पिकवायचे, पांढरीत राहायचे. या भागातले जुने घर अक्षरशः पांढरीचे असते. दगडी जोत्यावर तळखडे, त्यांवर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा हात-दीड हाताचा थर. हे माळवद. पाऊस बेताचा असल्यामुळे उतरत्या छपराची गरज नव्हती. उन्हाळ्यात आत गारवा राही. मात्र दर वर्षी मृगाआधी वर नवी माती टाकून चोपावी लागे, गवत उपटावे लागे. लाकूड आणि माती यांचे आयुष्य ते किती! मध्ययुगातले एखादे घर जसेच्या तसे मिळणे म्हणूनच कठीण. पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती बांधणीची रीत. कुजलेला खांब बदलायचा, पडलेली भिंत पुन्हा घालायची, असेच ते घर जगत आले. तेव्हा बदल म्हणजे बिघाड, हे गृहीतच मुळात चुकीचे आहे.

या रीतीचे मूळ मोजमाप खण. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. घर किती मोठे असे विचारले तर उत्तर खणांत मिळे. भिंत भार वाहत नसे, भार खांबांवर. म्हणून भिंत हलवता येई, घर मागे-पुढे वाढवता येई. पुढे सोपा, मधे चौक, आत माजघर, कडेला गोठा, मागे परस. भिंतीत बळद, जमिनीखाली पेव. हा सगळा पसारा ज्वारीसाठी होता. पीक घरात यायचे, वर्षभर राहायचे आणि हळूहळू संपायचे, या क्रमावर खोल्यांची जागा ठरली होती.

हा क्रमच मोडला. १९१० साली कुंडलजवळच्या माळावर, औंध संस्थानच्या हद्दीत, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणि वसाहत उभी केली; लोखंडी नांगर शेतात आला. पुढे पाणी आले, ऊस आला, कुंडललाच साखर कारखाना झाला. आणि ऊस घरात येत नाही! तो फडातून थेट कारखान्यात जातो. बळद रिकामे झाले, पेव बुजले, आणि ज्या खोल्यांना काम उरले नाही त्यांना अडगळीची कळा आली. घराचा आराखडा कोणा गवंड्याने नव्हे, पिकाने बदलला. जुन्या घरांवर हळहळणारे हे सहसा ध्यानात घेत नाहीत.

माळवद गेले त्याचेही दुःख मला फारसे नाही. मंगलोरी कौले आली, पत्रा आला, मग स्लॅब आला. पत्रा तापतो आणि पावसात बोलणे ऐकू देत नाही, हे खरे. पण दर वर्षी माती वाहायला माणूस कोठून आणायचा? आणि १९६७ च्या कोयना भूकंपानंतर, विशेषतः १९९३ च्या किल्लारीनंतर, डोक्यावर टनावारी माती घेऊन झोपायला कोणी तयार नसेल तर त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे, न्याय्य नाही. किल्लारीकडे दगडमातीच्या जड भिंती ढासळल्या. लाकडी सांगाडा मात्र अनेक ठिकाणी उभा राहिला. दोष मातीच्या ओझ्याचा आणि भिंतीचा, खणाचा नव्हे.

खरा घाव वाटणीने घातला. भाऊ वेगळे होतात, खण मोजून घेतात, आणि चौकातून विटांची भिंत उभी राहते. दोन्हीकडे अर्धा चौक म्हणजे दोन बोळ. माजघराला उजेड मिळत होता तो त्या चौकातून. आता दिवसा दिवा लावावा लागतो. त्याहून वाईट म्हणजे सोपा बंद करणे. सोपा ना पुरता घरचा, ना पुरता गावचा. परका माणूस चप्पल काढून तेथे टेकू शके, कोणाला विचारावे लागत नसे. १९४३ नंतरच्या प्रतिसरकारच्या काळात कुंडल हे चळवळीचे मोठे केंद्र होते. भूमिगतांना आसरा दिला तो अशाच गावच्या साध्या घरांनी. त्या सोप्याला जाळी, काचेची खिडकी आणि लोखंडी दार बसवून ‘हॉल’ केला, की घराचे गावाशी असलेले बोलणेच थांबते.

हल्ली जुने खांब-हस्त विकत घेऊन शहरातल्या उपाहारगृहांत लावण्याची टूम आहे. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पुन्हा मांडले गेले, ती गोष्ट वेगळी. तेथे वस्तूचे मूळ ठिकाण सांगितलेले असते. जेवणाच्या टेबलाशेजारी उभा केलेला खांब कोणत्या घरातून आला, हे वाढपीही सांगू शकत नाही.

खणाखणावर लोखंडी तुळई घेऊन वर स्लॅब टाकला, चौक उघडा ठेवला, गोठ्यात मोटारसायकल उभी केली आणि सोपा तसाच राहू दिला, तर ते घर मी जुनेच म्हणेन. मग भिंतींना हिरवा तैलरंग का दिलेला असेना.