हमालाचे शून्य कार्य

मराठी घरात ‘कार्य’ म्हटले की लग्न नाहीतर मुंज आठवते. ते जिथे पार पडते ते मंगल कार्यालय. पोते उचलणाऱ्याला आपण कार्य करतो असे म्हणत नाही; तो काम करतो, कष्ट उपसतो. बोलीत हा भेद इतका स्वच्छ असूनही नववीच्या ‘कार्य आणि ऊर्जा’ या धड्यापाशी मुले अडखळतात. माझ्या मते हा गोंधळ मूळचा मराठीतला नाही. तो इंग्रजीतून, उदाहरणासकट, आपल्याकडे आला.

उदाहरण सर्वांना पाठ आहे. डोक्यावर पोते घेऊन सपाट रस्त्याने एका वेगाने चालणारा हमाल शून्य कार्य करतो, कारण पोत्याला आधार देणारे बल वरच्या दिशेने आहे आणि विस्थापन आडवे. हिशोब बिनचूक आहे. पण आमच्या सरांनी तो सांगताना ‘कार्य’च्या जागी सहज ‘काम’ म्हटले: हमाल काहीच काम करत नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलाचे वडील बाजार समितीत हमाल होते. तो म्हणाला, “मग सर, हमाली कशाची देतात?” वर्ग हसला, सर पुढच्या सूत्राकडे वळले. चाळीस वर्षे होत आली, तो प्रश्न काही माझी पाठ सोडत नाही.

त्याचे उत्तर शोधायला संज्ञेच्या जन्मापर्यंत जावे लागते. गास्पार कोरिओलिस या फ्रेंच अभियंत्याने १८२९ च्या ग्रंथात ‘त्राव्हाय’ हा शब्द बल गुणिले अंतर या अर्थाने वापरला. फ्रेंचमध्ये त्राव्हाय म्हणजे रोजचेच काम, श्रम. ग्रंथाचा विषय होता यंत्रांच्या परिणामाचे गणित. खाणीतले पाणी उपसायला किंवा ओझे उंचावर चढवायला दोन यंत्रे असतील, तर कोणते किती उपयोगी, हे ठरवायला एक माप हवे होते. किती वजन किती उंच गेले, हे ते माप. ओझ्याच्या बाजूने मांडलेली ही खतावणी आहे. वाहणाऱ्याचे खाते त्यात उघडलेलेच नाही. इंग्रजीनेही रोजचाच शब्द उचलला, म्हणून तिथल्या शिक्षकाला ‘हे काम म्हणजे ते काम नव्हे’ असे बजावावे लागते. आपल्या परिभाषाकारांनी मात्र ‘कार्य’ हा वेगळा शब्द घेतला. त्यांची ही निवड मला फार चांगली वाटते. वाईट एवढेच, की शिकवताना आपण ती वाया घालवतो.

वाहणाऱ्याचे खाते उघडून पाहू. ५० किलोचे पोते दीड मीटर उंच चढवले तर पोत्यावर सुमारे ७३५ ज्यूल कार्य होते. आकडा मोठा वाटतो, पण चमचाभर साखरेत याच्या ऐंशी-नव्वदपट ऊर्जा असते. मग माणूस दमतो का? एक तर खाल्लेल्या ऊर्जेतला साधारण चौथा-पाचवा हिस्साच स्नायू कार्याच्या रूपाने बाहेर देतात, उरलेली उष्णता होते. दुसरे, नुसते तोलून धरायलाही स्नायूंचे तंतू सतत आकुंचन पावत राहतात आणि त्याला इंधन लागते. शिवाय चालताना ओझे दर पावलाला थोडे वर-खाली होते. वर नेताना केलेला खर्च खाली येताना शरीराला पुरता परत मिळत नाही. पोत्याच्या खात्यात शून्य आणि हमालाच्या अंगावर घाम, दोन्ही एकाच वेळी खरे आहेत. हे सांगायला वर्गात पाच मिनिटे पुरतात.

याच राज्याच्या १९६९ च्या माथाडी कायद्याच्या नावातच माथाडी आणि हमाल आहेत. त्याच्या दोन वर्षे आधी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्याला ५५ किलोची मर्यादा सुचवली होती. ही मर्यादा ज्यूलमध्ये नाही, कारण प्रश्न पाठीच्या मणक्यांचा होता. हमालीही पोत्यामागे ठरते, ज्यूलमागे नव्हे.

मराठी प्रत्येक ठिकाणी अशी वरचढ ठरते असे मात्र नाही. ‘वजन’ या शब्दाने खरोखर घोळ घातला आहे. बाजारात वजन किलोत, पुस्तकात न्यूटनमध्ये. त्यात दोन पारड्यांचा तराजू मुळात वस्तुमानांचीच तुलना करतो. चंद्रावर नेला तरी किलोभर तांदूळ किलोभरच भरतील. ताणकाटा तिथे सहावा हिस्सा दाखवील. म्हणजे वाणी ज्याला वजन म्हणतो ते पुस्तकाचे वस्तुमान, आणि पुस्तकाच्या वजनाला बाजारात नावच नाही. इथे ‘भार’ घेतला असता तर बरे झाले असते. ‘चाल’ आणि ‘वेग’ यांच्याबद्दल न बोललेलेच बरे. गाडीची चाल कोणी विचारत नाही.

नव्या पुस्तकाचे काम कधी निघाले तर शून्य कार्याच्या परिच्छेदाखाली मला एकच स्वाध्याय हवा आहे: जवळच्या बाजारात जाऊन हमालीचा दर कशावर ठरतो ते विचारून या, आणि त्यात अंतर, उंची, वजन यांपैकी काय मोजले जाते ते लिहा.