परका, बंदूक आणि कायदा

अमेरिकन 'वेस्टर्न' चित्रपटाचे कथानक एका दमात सांगता येते. उजाड मुलुखात एक गाव असते. तेथे कायदा नसतो, किंवा असलाच तर तो भेदरलेला असतो. एके दिवशी घोड्यावर बसून कोणी परका येतो. त्याचे नाव कोणास ठाऊक नसते, पूर्वचरित्राचा तर पत्ताच नसतो. तो दुष्टांना गोळ्या घालतो आणि आला तसा निघून जातो. या एवढ्याशा भांडवलावर हॉलिवूडने कित्येक वर्षे व्यापार केला; आणि मग त्याच घरात त्या कथेविषयी शंका घेणारे चित्रपट जन्मास आले.

क्लिंट ईस्टवुड यांनी १९७३ साली दिग्दर्शित केलेला 'हाय प्लेन्स ड्रिफ्टर' हा या शंकेखोर घराण्यातील एक ठळक चित्रपट. लागो नावाच्या गावातील खाण सरकारी जमिनीवर आहे, हे तेथल्या मार्शलच्या ध्यानात येते. तेवढ्यासाठी त्याला भर रस्त्यात चाबकाने मारून टाकतात आणि सारे गाव मुकाट पाहत राहते. पुढे जो अनामिक बंदूकबाज येतो, तो गावाचे रक्षण करावयास येत नाही. गावाला लाल रंग फासावयास लावून तो त्याचे नाव 'नरक' असे ठेवतो. हा त्या मार्शलचा भाऊ, की त्याचे भूत? चित्रपट उत्तर देत नाही. १९९२ च्या 'अनफर्गिव्हन'मध्ये ईस्टवुड यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. तेथील शेरीफ स्वतःच्या हातांनी घर बांधतो आणि त्याच हातांनी माणसांना फोडून काढतो. बंदूकबाजांच्या खोट्यानाट्या कीर्तीची पुस्तके लिहिणारा एक लेखकही त्यात आहे. पराक्रमाच्या कथा कोण रचतो, हा प्रश्न त्या लेखकाच्या रूपाने 'वेस्टर्न'ने स्वतःलाच विचारला.

हे सारे चेन्नईच्या रसिकांस अगदीच नवे नाही. हे शहर मद्रास म्हणून ओळखले जात होते आणि तेलुगू चित्रपटांचेही माहेर होते, त्या काळात १९७१ साली कृष्णा यांचा 'मोसगाळ्ळकु मोसगाडु' आला. पाठोपाठ १९७२ साली कर्णन यांनी जयशंकर यांना घेऊन 'गंगा' हा तमिळ काऊबॉयपट काढला. टोपी, बूट, घोडा, पिस्तूल – सारा सरंजाम जमला होता. पण तो उसना पोषाख होता. १९७५ च्या 'शोले'ने तो पोषाख आपल्या अंगाला बेतून घेतला, आणि तेथे एक अर्थपूर्ण गोष्ट घडली. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतो. आणीबाणीच्या त्या दिवसांत परिनिरीक्षण मंडळाला हे मानवले नाही. शेवट बदलला, आणि ऐन क्षणी पोलीस येऊन उभे राहिले. कथा कशीही भरकटो, अखेरीस गणवेश यावा आणि सारे मार्गी लागावे, अशी ती व्यवस्था होती.

ही व्यवस्था उलथून टाकणारा तमिळ चित्रपट म्हणून कार्तिक सुब्बराज यांच्या 'जिगरठंडा डबल एक्स'कडे पाहिले पाहिजे. १० नोव्हेंबर २०२३ रोजी तो प्रदर्शित झाला. जिगरठंडा हे मदुराईचे प्रसिद्ध थंड पेय, आणि कथाही १९७० च्या दशकातील मदुराईतली. अलियस सीझर (राघव लॉरेन्स) हा तेथला गुंड ईस्टवुडचा निस्सीम भक्त आहे. काळ्या वर्णावरून हिणवला गेल्याने तमिळ पडद्यावरचा पहिला काळा नायक होण्याचा ध्यास त्याने घेतला आहे. त्याच्याकडे सत्यजित राय यांचा शिष्य म्हणवून घेणारा 'रे दासन' (एस. जे. सूर्या) येतो. प्रत्यक्षात हा पोलिसात भरती होऊ घातलेला, रक्त पाहताच मूर्च्छा येणारा मनुष्य. खुनाच्या खोट्या आरोपात अडकलेला, आणि सीझरला ठार मारण्याच्या अटीवर बाहेर सोडलेला.

येथे दिग्दर्शकाने 'वेस्टर्न'चा सांगाडा मोठ्या मार्मिकपणे फिरविला आहे. नाव लपवून येणारा परका येथेही आहे, पण त्याच्या हाती कॅमेरा आहे; बंदूक आहे ती गावातल्या माणसाच्या हाती, आणि त्याचे चरित्र सर्वांस तोंडपाठ आहे. चित्रपटाच्या निमित्ताने दोघे सीझरच्या रानातल्या आदिवासी पाड्यावर जातात. तेथे हस्तिदंतासाठी हत्ती मारणारा शेट्टानी आहे, आणि त्याच्या पाठीशी असलेले थेट राजधानीतले हात आहेत. गुंड हळूहळू आपल्या माणसांकडे परततो. मारेकरी हळूहळू खरा दिग्दर्शक होतो. अखेरीस पोलीस येतात, पण 'शोले'तल्यासारखे नव्हे. ते पाड्याची कत्तल करावयास येतात. सीझर बंदूक उचलत नाही. दासन सारे चित्रित करतो.

अमेरिकन 'वेस्टर्न'मधील भय कायद्याच्या अभावाचे असते. आपल्याकडील रानातल्या माणसाचे भय निराळे आहे. त्याच्या दारी वनखाते आहे, पोलीस आहेत, महसूल आहे; कायदा तेथे हवा तेवढा आहे. तो कोणाच्या बाजूने उभा आहे, एवढाच प्रश्न आहे. आमच्या मते या चित्रपटाचे खरे बळ या एका जाणिवेत आहे.

ही जाणीव कल्पनेची भरारी नव्हे. २० जून १९९२ रोजी धर्मपुरी जिल्ह्यातील वाचाती या आदिवासी गावावर चंदनचोरीच्या शोधाच्या नावाखाली वन, पोलीस व महसूल या तिन्ही खात्यांचे लोक चालून गेले. घरे उद्ध्वस्त झाली, १८ स्त्रियांवर बलात्कार झाले. २६९ सरकारी नोकर आरोपी ठरले. खटला चालू असतानाच त्यांतील ५४ मरण पावले. उरलेल्या २१५ जणांना २९ सप्टेंबर २०११ रोजी धर्मपुरीच्या न्यायालयाने दोषी ठरविले. मद्रास उच्च न्यायालयाने त्यांची अपिले फेटाळली ती २९ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे हा चित्रपट येण्यापूर्वी सहाच आठवडे. चित्रपट त्या घटनेवर बेतला आहे असे आम्ही म्हणत नाही. तथापि ज्या प्रेक्षकाने तो निकाल नुकताच वाचला होता, त्यास पडद्यावरील कत्तल अतिरंजित कशी वाटावी?

मात्र हीच कसोटी चित्रपटास लावली असता त्याचे उणेपणही दिसून येते. बंदुकीपेक्षा कॅमेरा बलवत्तर, हे त्याचे प्रतिपादन. पाड्याची कत्तल पडद्यावर दिसते, लोक हळहळतात आणि सत्तेचे पाय लटपटतात. वाचातीत कॅमेरा नव्हता. होत्या त्या न्यायालयात पुन्हा पुन्हा उभ्या राहून साक्ष देणाऱ्या स्त्रिया, त्यांच्या पाठीशी राहिलेल्या संघटना, आणि उच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९५ साली सुरू झालेला केंद्रीय तपास. न्यायाला ३१ वर्षे लागली. एवढा दीर्घ, कंटाळवाणा, कागदांनी भरलेला धीर चित्रपटास पेलत नाही. कलेच्या सामर्थ्यावरील त्याचा विश्वास हृद्य असला, तरी भाबडा आहे. आणखी एक दोष असा की, पूर्वार्धात ज्या गोळीबारावर तो प्रेक्षकांच्या टाळ्या घेतो, त्याच गोळीबाराचा उत्तरार्धात तो धिक्कार करतो. पाड्यावरची माणसेही बहुधा समूहानेच नाचतात व समूहानेच मरतात. सीझरची पत्नी मलैयरसी (निमिषा सजयन) वगळता त्यांतील एखादा चेहरा मनात राहत नाही.

इतके असूनही परमुलुखी नेमणुकीवर असलेल्या आमच्या वाचकांनी हा चित्रपट आवर्जून पाहावा, असे आम्ही सुचवितो. नेमणुकीच्या गावी अधिकारीही परकाच असतो. त्याची भाषा निराळी, त्याचे पूर्वचरित्र कोणास ठाऊक नाही, आणि बदलीचा हुकूम येताच तो आला तसा निघून जातो. दरम्यानच्या काळात त्याच्या सहीने काय घडले, हे गावाच्या स्मरणात राहते. लागोच्या मार्शलने सरकारी जमिनीची नोंद खरी धरली म्हणून तो मेला. वाचातीवर चालून गेलेल्यांपाशी शोधाचे निमित्त होते. दोघांच्याही अंगावर सरकारचाच अधिकार होता. त्या दोहोंतील अंतर कोणत्याही नियमपुस्तिकेत सापडावयाचे नाही. ते दाखविण्यासाठी आपल्या मातीतला एक 'वेस्टर्न' तमिळ भाषेत निर्माण झाला, याचे त्याच्या सर्व दोषांसह आम्ही स्वागत करतो.